शिट्टी माझ्या गळ्यात होती

माझ्या नवऱ्याला वाटतं, माझं सगळं त्याला माहीत आहे. बँकेचे पासवर्ड माहीत आहेत, मी घोरते ते माहीत आहे, लग्नाआधी एका स्थळाला नकार देताना मी आईचं नाव पुढे केलं होतं तेही माहीत आहे. हे माहीत नाही. आईला सांगितलं नाही, आणि ती गेली. बहिणीला सांगणार होते — दोनदा तोंडापर्यंत आलं, आणि दोन्ही वेळा मी चहा टाकायला उठले. तुम्हाला सांगते आहे कारण तुम्ही मला ओळखत नाही. हे काही फार शूरपणाचं कारण नाही. पण आहे ते हे आहे.

मी मूळची शनिवार पेठेतली. पत्ता विचारायला आलेल्या माणसाला आमच्याकडे आधी त्याची चूक समजावून सांगतात आणि मग, उरलाच वेळ तर, पत्ता. तो स्वभाव माझ्यात पुरेपूर उतरला आहे. नोकरीही तशीच मिळाली — सॉफ्टवेअर टेस्टिंग. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्यांना नीट समजतील अशा शब्दांत कळवायच्या. ते मला फार छान जमायचं. भराभर बढत्या मिळाल्या, कर्ज मिळालं, आणि आम्ही पेठेतल्या दोन खोल्या सोडून विश्रांतवाडीला, आळंदी रस्त्यावरून आत, फ्लॅट घेतला.

तिथे शेतं नुकतीच संपत होती आणि इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या. आमची सोसायटी त्यातलीच. राहणारे बहुतेक सगळे आमच्यासारखे — सकाळी कंपनीच्या बसमध्ये झोपणारे आणि संध्याकाळी अमेरिकेशी बोलणारे. कोणी नागपूरहून आलेलं, कोणी सांगलीहून, कोणी थेट न्यू जर्सीहून परतलेलं. एकच माणूस असा होता जो कुठूनच आलेला नव्हता. नाना म्हस्के. ती जमीनच त्यांची होती. बिल्डरने मोबदल्यात पैसे आणि काही फ्लॅट दिले. मुलांनी आपापले विकले आणि ती वाघोलीकडे निघून गेली. नाना तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या घरात राहिले. एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती.

संध्याकाळी ते पार्किंगच्या कडेला खुर्ची टाकून बसायचे. धोतर, टोपी, खिशात भाजलेल्या शेंगा. आणि भोवती पोरं — माझा ओजस, समोरच्या पल्लवीची सानू, सगळीच. "तुझ्या बापाची गाडी उभी हाय न्हवं, तितं माझी हीर व्हती बघ," ते ओजसला सांगायचे. "पवायचो आमी." ओजस गाडीखाली वाकून विहीर शोधायचा. मी वरून गॅलरीतून बघायची आणि मला बरं वाटायचं. खरं सांगते, मला तो माणूस आवडायचा. हे मी आधी सांगते आहे, कारण नंतर सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल.

मग हॅलोवीन आलं. तुम्ही हसाल. हसा. भोंडला आणि किल्ले सोडून आम्हाला हे कुठून सुचलं, असं माझ्या आईनेही विचारलं होतं. न्यू जर्सीहून परतलेल्या कुटुंबाच्या मुलांना तिकडची आठवण यायची, म्हणून त्यांच्या आईने मीटिंगमध्ये टूम काढली — मुलांनी भुताखेतांचे कपडे घालायचे, संध्याकाळी दारोदार जायचं, 'ट्रिक ऑर ट्रीट' ओरडायचं आणि खाऊ गोळा करायचा. सगळ्यांना पसंत पडलं. पण दारोदार म्हणजे — कोणाच्याही दारात? सोसायटी मोठी, निम्मे लोक भाडेकरू, कोण कुठला ते माहीत नाही. मुलांच्या सुरक्षिततेचं काय? हा प्रश्न कोणी विचारला असेल? मीच. आणि आमच्याकडे जो प्रश्न विचारतो त्याच्याच गळ्यात ते काम पडतं.

मी ते काम मनापासून केलं. इंटरनेटवर वाचून नियम काढले, आपल्याकडचे दोन-चार घातले. प्रत्येक टोळीबरोबर एक मोठं माणूस, त्याच्या गळ्यात शिट्टी. ज्या दारावर कागदी भोपळा चिकटवलेला असेल तेच दार वाजवायचं. वेष्टनातलाच खाऊ घ्यायचा, आणि घरी दाखवल्याशिवाय तोंडात टाकायचा नाही. मूल दिसेनासं झालं तर लांब शिट्टी वाजवायची, म्हणजे वॉचमन गेट बंद करेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं — कोणाच्याही घराच्या आत जायचं नाही. हा नियम मी मुलांकडून घोकून घेतला. मी म्हणायची, "उंबरठ्याच्या आत पाऊल —" आणि सगळी पोरं किंचाळायची, "नाही टाकायचं!"

नानांकडे कागदी भोपळा चिकटवायला मीच गेले. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "लावा की. पन लेकरू दारात आलं, तर आत बोलवायचं न्हाई? उंबऱ्यावरनंच द्यायचं? आसं कसं व्हईल, ताई?"

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला बरोब्बर कळलं. आमच्याही घरी तसंच होतं. उंबरठा मध्ये ठेवून काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही — एक तर घेणाऱ्याने आत यायचं, नाही तर देणाऱ्याने बाहेर. आई दूधवाल्यालासुद्धा म्हणायची, एक पाय आत टाक बाबा. हे सगळं माहीत असूनही मी नानांना इंग्रजी शब्द घालून समजावलं, जणू त्यांना मुलं कशी सांभाळायची ते ठाऊकच नव्हतं. ते ऐकून घेत राहिले. शेवटी म्हणाले, "बरं. तुमी म्हनाल तसं." आणि मी दारावर भोपळा चिकटवला.

अजून मी मुद्द्यावर आलेली नाही, हे मलाही दिसतं आहे.

त्या संध्याकाळी माझ्या टोळीत सात-आठ पोरं होती. ओजस चादर पांघरून भूत झाला होता. सानू पाच वर्षांची. तिला पल्लवीच्या काळ्या ओढणीचा झगा केला होता आणि गालांवर काजळाच्या मांजराच्या मिशा काढल्या होत्या. पल्लवी गच्चीवर थांबली होती, कारण सगळ्या टोळ्या शेवटी तिथे जमणार होत्या आणि खेळ घ्यायचं काम तिच्याकडे होतं. सानूला तिने माझ्या हातात दिलं. शब्दशः हातात — तिचा हात उचलून माझ्या हातात ठेवला.

आम्ही तळमजल्यापासून सुरुवात केली. नानांच्या दारापाशी दुसऱ्या टोळीतला एक मोठा मुलगा जिन्याखालून एकदम समोर आला — तोंडावर रबरी मुखवटा, त्यातून लोंबणारी जीभ. सानू अशी काही किंचाळली की बाकीची पोरंही गप्प झाली. ती रडायला लागली, डोळे चोळले, काजळ डोळ्यांत गेलं, आणखी रडली. नाना बाहेर आले. हातात ताट, ताटात शेंगदाण्याचे लाडू. "आरं, सोंगाला काय भ्यायचं," ते सानूला म्हणत होते. आणि तेव्हाच माझा फोन वाजला.

तिकडे सकाळ झाली होती. क्लायंट होता. त्या आठवड्यात आमचं मोठं काम त्यांच्याकडे जाणार होतं, आणि त्या दिवसांत सगळीकडे लोकांना नोकरीवरून काढत होते, माझ्या शेजारच्या टेबलावरची — नाही. हे नको. मी ठरवलं होतं की कारणं सांगायची नाहीत, आणि बघा, लगेच सांगायला लागले.

बाकीची पोरं मी मागून येणाऱ्या टोळीला जोडून दिली. सानू हलायला तयार नव्हती. पुढे गेलो तर तो मुखवटा परत दिसेल, याची तिला भीती. मी नानांना म्हटलं — नीट ऐका, हे मी म्हटलं — "नाना, हिला जरा आत बसवून घ्या ना. तोंड धुवा तिचं. मी पाच मिनिटांत येते."

नाना म्हणाले, "आत? तुमचा नियम हाय न्हवं?"

मी म्हटलं, "असू दे हो. तुम्ही काय परके आहात?"

त्यांचा चेहरा उजळला. तो मला अजून दिसतो. "ये गं माय," ते सानूला म्हणाले, आणि तिने त्यांचं बोट धरून उंबरठा ओलांडला. मी फोन कानाला लावून मागच्या बाजूला, पाण्याच्या पंपापाशी गेले, कारण तिथे गोंगाट नव्हता.

किती वेळ बोलत होते? मला खरंच माहीत नाही. एक प्रश्न, त्यातून दुसरा, मग तिसऱ्या माणसाला फोनवर घेतलं, मग त्याला पहिल्यापासून सांगितलं. मी सानूला विसरले. हे वाक्य इतकं छोटं आहे, बघा. मी सानूला विसरले.

फोन ठेवला तेव्हा लांब शिट्टी ऐकू आली. एक, मग दुसरी, मग सगळीकडून. आणि तुम्हाला माझी पहिली प्रतिक्रिया सांगू? मला वाटलं — अरे, कोणाचं मूल हरवलं?

मी पुढे आले तर पल्लवी अनवाणी धावत होती. गच्चीवर सगळ्या टोळ्या पोचल्या होत्या आणि सानू कुठल्याच टोळीत नव्हती. गेट बंद केलं होतं. पल्लवीचा नवरा निखिल जमिनीतल्या टाकीचं झाकण उचलून आत बॅटरी मारत होता. पाण्यावर उजेड हलत होता. पल्लवी मला धरून म्हणाली, "स्वाती, सानू? तुझ्याबरोबर होती ना?"

एक वाक्य लागत होतं. 'नानांकडे आहे, मीच ठेवलं तिला, विसरले गं मी.' एवढंच. पल्लवी माझ्यावर ओरडली असती, कदाचित महिनाभर बोलली नसती, आणि ते बरोबरच झालं असतं. माझ्या गळ्यात शिट्टी होती. सगळ्या सोसायटीला महिनाभर मी नियम शिकवत फिरत होते. आणि मुलाला सोडून फोनवर गेलेली एकमेव बाई — मीच निघाले असते.

मी म्हटलं, "होती गं... आत्ता तर होती. थांब, मी बघते."

आणि मी शोधायला लागले. समजतंय ना तुम्हाला? ती कुठे आहे ते मला माहीत होतं आणि मी तिला शोधत होते. जिन्याखाली वाकून पाहिलं. "सानू, सानू" अशा हाका मारल्या. दोन गाड्यांच्या मधून डोकावले. मग, जणू आत्ताच सुचलं, अशी मी नानांच्या दाराकडे गेले आणि घंटी दाबली. तोवर माझ्या मागे दहा-बारा माणसं आली होती.

दार आतून लावलेलं होतं. नानांनी कडी काढली. आत कॉटवर सानू बसली होती, तोंड धुतलेलं, मिशा गेलेल्या, अंगावर गोधडी, हातात अर्धा लाडू, समोर टीव्ही. मी आत गेले, तिला उचललं आणि ओरडले, "सापडली! सापडली!" एवढी माणसं आणि एवढा आवाज पाहून सानूने भोकाड पसरलं. ते रडणं सगळ्यांनी ऐकलं. त्यातून ज्याने त्याने आपापल्या मनातला अर्थ काढला.

निखिलने विचारलं, "काका, दार का लावलं होतं?"

"पोरगी भ्याली व्हती सोंगाला. म्हनून लावलं."

"पण मुळात आत का घेतलं? नियम माहीत होता ना तुम्हाला?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. घरातलं माणूस दुसऱ्या माणसाकडे बघतं ना — आता सांग की तू, असं. "ताईंनाच इचारा की," ते म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. सानू माझ्या कडेवर होती, तिचं ओलं नाक माझ्या मानेला लागत होतं. आणि मी काय बोलले ते मला जसंच्या तसं आठवतं. मी म्हटलं, "मी सगळ्या मुलांना दहा वेळा बजावलं होतं — उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही."

बघा, यात एकही शब्द खोटा नाही. पुष्कळ वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. मी खोटं बोलले नाही, मी फक्त नियम सांगितला. कानांवर हात ठेवायची ही सुशिक्षित पद्धत आहे.

नाना माझ्याकडे बघत राहिले. खांद्यावरच्या पंच्याने हात पुसले — हाताला लाडवाचं तूप होतं. मग निखिलकडे वळून, हात जोडून म्हणाले, "चुकलं माजं."

का म्हणाले ते असं? मला वाचवायला? की माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं की ही बाई बोलणार नाही, आणि हिच्यापुढे आपलं कोण ऐकणार? की लेकरू भेदरलंय, आता हे थांबू दे, एवढंच? मी किती वेळा हे उलटंपालटं करून पाहिलं आहे. मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

कोणी त्यांच्या अंगावर हात टाकला नाही. पोलिसात कोणी गेलं नाही. सानूला काहीही झालेलं नव्हतं हे सगळ्यांना दिसत होतं. पण जिन्यात कुजबुज झाली. 'एकटा माणूस' हे शब्द मी त्या आठवड्यात इतक्यांदा ऐकले. त्यापुढचे शब्द मी सांगणार नाही. ते तेव्हाही कोणी पूर्ण उच्चारत नव्हतं. रविवारच्या मीटिंगमध्ये माझे आभार मानले गेले. प्रसंगावधान दाखवून मुलीला शोधून काढल्याबद्दल. टाळ्या झाल्या. मी मान खाली घातली, आणि तो विनय समजला गेला.

खरं म्हणजे तिथेही हे संपलं असतं. कारण सानू होती ना. पाच वर्षांची असली तरी तिला सगळं माहीत होतं, आणि तिने सांगितलंही. दुसऱ्याच दिवशी पल्लवी माझ्या दारात आली. जरा अवघडून म्हणाली, "अगं, सानू म्हणतेय स्वातीकाकूनेच मला नानांकडे बसवलं. असं काही झालं होतं का?"

आदल्या संध्याकाळी गर्दी होती, भीती होती, मी घाईत तोंडाला येईल ते बोलले — असं म्हणता आलं असतं. आता काय होतं? स्वयंपाकघरात कुकर लावलेला, ओजस शाळेत, दारात माझी मैत्रीण, शांत सकाळ. तिने विचारलं तेसुद्धा अशा पद्धतीने की मी 'हो' म्हटलं असतं तर तिला बरंच वाटलं असतं. तिचाही जीव नानांसाठी चुटपुटत असणार.

मी म्हटलं, "लहान आहे गं ती. घाबरली की मुलांचा गोंधळ होतो. मी तिला दारापर्यंत नेलं होतं, ते तिच्या डोक्यात राहिलं असेल."

पल्लवीने मान हलवली. आणि घरी जाऊन मुलीला समजावलं. दार उघडंच होतं, मला ऐकू आलं — "काकूने नाही बसवलं, बाळा. तू चुकून आत गेलीस. परत असं जायचं नाही हं." सानू आधी "नाही, काकूने" म्हणाली. दोनदा म्हणाली. मग पल्लवीने आणखी एकदा समजावलं, आणि सानू गप्प झाली.

मला नानांचं वाईट वाटतं असं मी म्हणते, पण या दुसऱ्या गोष्टीला तर मला शब्दच सापडत नाही. आपल्या डोळ्यांनी जे पाहिलं ते झालंच नाही, असं मी एका लेकराला पटवलं. तिच्याच आईच्या तोंडून.

नानांची खुर्ची पुढे काही दिवस पार्किंगच्या कडेला दिसत होती. पोरं जवळ गेली की वरून कोणाची तरी हाक यायची — अभ्यासाला चल, दूध प्यायला ये. ओजसलाही मी हाका मारल्या. न मारून कसं चाललं असतं? मीच मारली नसती तर ते विचित्र दिसलं असतं. मग एक दिवस खुर्ची दिसली नाही. संक्रांतीला पोरं तिळगुळाचे डबे घेऊन घरोघर हिंडली, नानांच्या दारावरून पुढे गेली. दसऱ्याला सोनं द्यायला हिंडली, पुढे गेली. एरवी त्यांच्याकडून मूठभर शेंगा घेतल्याशिवाय एकही पोर हलायचं नाही. कधी येता-जाता समोरासमोर आलो तर ते बाजूला व्हायचे, मला वाट द्यायचे. "नमस्कार, ताई," म्हणायचे. मी घाईत असायची. मी नेहमीच घाईत असायची.

पुढच्या वर्षी परत हॅलोवीन आलं. शिट्टी परत माझ्याच गळ्यात — आता तर मी अनुभवी होते. दारांवरचे भोपळे मीच वाटले. नानांकडे दिला नाही. तो कमिटीचा निर्णय होता, मी फक्त तो पाळला.

टोळी घेऊन मी तळमजल्यावर आले आणि थांबले. नानांच्या दाराबाहेर स्टूल होतं. उंबरठ्याच्या बाहेर, चांगलं दोन हात पुढे. स्टुलावर स्टीलचं ताट, आणि ताटात चॉकलेटं — सगळी वेष्टनातली, दुकानातली. लाडू नव्हते. दारावर कागदी भोपळा नव्हता, म्हणून त्यांनी खाली, स्टुलाच्या पायाशी, खराखुरा लाल भोपळा ठेवला होता. कुठून आणला असेल? मंडईपर्यंत गेले होते की काय? आणि दार बंद. म्हणजे कोणी म्हणायला नको की आत बोलावलं, कोणी म्हणायला नको की हातात दिलं. ज्या माणसाला उंबरठ्यावरून काही द्यायला नको वाटायचं, त्याने माझा एकूण एक नियम पाळून, स्वतः दाराआड होऊन, मुलांसाठी खाऊ मांडला होता.

दाराखालच्या फटीतून उजेड येत होता. त्या उजेडात मधोमध दोन पावलांची सावली होती. ते दाराच्या मागेच उभे होते.

पोरं थबकली. सानू पुढे होती. तिने ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती आता सहा वर्षांची होती. हळूच म्हणाली, "काकू, घेऊ?"

घेतलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. एका पोराने घेतलं असतं, मग सगळ्यांनी, दाराआड एका म्हाताऱ्याला ताट वाजल्याचा आवाज आला असता. आणि मग घरी गेल्यावर कोणी विचारलं असतं, नानांकडचं कसं घेतलं? मग कोणी म्हटलं असतं, त्या माणसात वाईट काय आहे, आणि खरं म्हणजे त्या दिवशी झालं तरी काय होतं? तो प्रश्न परत माझ्या दारात आला असता. मला ते नको होतं. एवढंच.

मी शिट्टी वाजवली. "पुढे चला," म्हटलं. पोरं निघाली. सावली हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसला जाताना पाहिलं तर स्टूल नव्हतं. ते वर्ष संपायच्या आत मुलगा येऊन नानांना वाघोलीला घेऊन गेला. जिथे त्यांची विहीर होती तिथून टेम्पो निघाला, त्यात कॉट होती आणि ती खुर्ची. मी गॅलरीत होते. खाली गेले नाही. काही वर्षांनी वॉचमन म्हणाला, ते नाना वारले म्हणे. मी म्हटलं, "अरेरे." आणि लिफ्टचं बटण दाबलं.

आता सानूचं सांगते आणि थांबते.

मागच्या महिन्यात ती शिकायला अमेरिकेला गेली. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला माझ्या दारात आली, एका मैत्रिणीला बरोबर घेऊन. उंच झाली आहे, आईसारखी दिसते. पाया पडायला वाकली आणि हसत मैत्रिणीला म्हणाली, "हीच ती काकू. मी लहानपणी हॅलोवीनला हरवले होते, सांगितलं नव्हतं का तुला? चुकून कोणातरी आजोबांच्या घरात शिरले होते आणि आतून दार लावलेलं. काकूने शोधून काढलं मला." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय झालं असतं ना गं काकू, तू नसतीस तर?"

तिच्या डोळ्यांत जराही शंका नव्हती. तिला ते तसंच आठवत होतं. इतक्या वर्षांत ते तिचंच झालं होतं.

मी म्हटलं, "हो गं. फार भटकी होतीस."

मग तिच्या हातावर दही घालायला मी वाटी घेऊन आले. तिचा एक पाय दाराबाहेर होता, खाली गाडी हॉर्न वाजवत होती, तिने तिथूनच हात पुढे केला. मी म्हटलं, "अंहं, उंबऱ्यावरनं नाही द्यायचं. आत ये."

ती आत आली.